यंत्राचं कपाळ

आमच्या शाळेत विज्ञान आलं ते पांढऱ्या गाडीतून. गाडीच्या दोन्ही अंगाला ग्रह, रॉकेट आणि चष्मा घातलेलं एक हसरं पोरगं काढलेलं होतं आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रश्न विचारा!' वडवणीकडून आमच्या गावाला येणारा रस्ता असा की पोचेपर्यंत रॉकेट चिखलानं पार माखून गेलं होतं. गाडीतून उतरलेल्या माणसांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मॅडम, बाथरूम कुठंय?" चला, प्रश्न तरी विचारला.

मी या हायस्कुलात विज्ञान शिकवते. माहेर परळीचं, लिंगायत वाण्याचं घर, किराणा दुकान. आमचे आप्पा तुरीच्या डाळीचं पोतं उघडलं की आधी चार दाणे दाताखाली घ्यायचे. समोरचा व्यापारी शपथा खाऊन खाऊन घाईला आला तरी आप्पा आपले चावतच बसायचे. "डोळ्यानं बघ, दातानं चाव, मंग तोंड उघड," असं म्हणायचे. पुढं बीडला राहून मी डिगरी घेतली, पण खरं सांगते, विज्ञान म्हणून जे काही माझ्याजवळ आहे ते त्या डाळीच्या पोत्याजवळच मिळालेलं आहे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात दोन तडा गेलेली चंचुपात्रं, एक स्पिरिटचा दिवा आणि स्पिरिट नाही. मी इतकी वर्षं फळ्यावरच आम्ल ओतत आले आणि फळ्यावरच लाल खडूनं लिटमस लाल करत आले. पोरं बिचारी वहीत लिहायची, 'निरीक्षण: लिटमस लाल झाला.' कुणी बघितला? कुणीच नाही. त्यामुळं पुण्याचे फाउंडेशनवाले विज्ञानाची गाडी घेऊन येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर मला. मूर्खच मी.

गाडी यायच्या आधी आम्हा विज्ञानाच्या शिक्षकांना बीडच्या एका मंगल कार्यालयात प्रशिक्षणाला बोलावलं होतं. वाटलं, काहीतरी हातात देतील. दिलं की. चेंडू दिला. ज्याच्याकडं चेंडू जाईल त्यानं उभं राहून स्वतःचं नाव आणि आवडता ग्रह सांगायचा. मग टाळ्या शिकवल्या. पावसाची टाळी, रॉकेटची टाळी. पन्नाशी गाठलेली माणसं, बीपीची गोळी खाऊन आलेली, 'हूऽऽ' करत रॉकेट वर सोडत होती. शेजारच्या बाईंनी माझ्या कानात विचारलं, "हे काय चाललंय हो?" मी म्हणाले, "विज्ञान." जेवण मात्र चांगलं होतं, गुलाबजाम होते. संध्याकाळी निघताना सगळ्यांच्या गळ्यात एकेक पट्टा आणि त्याला आपल्याच नावाचं कार्ड. आपलं नाव आपल्यालाच विसरू नये म्हणून असेल.

त्यांची योजना कागदावर वाईट नव्हती. निवडलेल्या प्रत्येक शाळेला एक चांगला सूक्ष्मदर्शक. वर्ष संपत आलं की ते पाहणीला येणार, पोरांशी बोलणार आणि अख्ख्या तालुक्यातून दहावीचं एक पोर निवडून पुण्याला त्यांच्या निवासी केंद्रात नेणार. अकरावी-बारावी सायन्स, राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं त्यांचं. तालुक्यातून एकच.

आणि आमच्या दहावीत एक पोरगी होती. धनगराची. आईबाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. ही शाळेसाठी आत्याकडं गावात राहायची. हिच्या तोंडात सकाळपासून एकच शब्द, कावून, म्हणजे का. "बाई, पानी वरून खाली येतं, मंग झाडात खालून वर कावून जातं?" "बाई, मेंढी रवंथ करती, घोडं कावून करत न्हाई?" मी उत्तर द्यायची, नाही आलं तर उद्या बघून सांगते म्हणायची. सांगायला विसरले तर ही मधल्या सुट्टीत दारात उभीच. जीव नकोसा करायची पोर. गाडीवर 'प्रश्न विचारा' रंगवणाऱ्यांनी हिला आठवडाभर वर्गात सांभाळून दाखवावं, मी त्यांना साष्टांग दंडवत घालीन.

दिवाळीनंतर मेंढरं हलवायच्या आधी तिचा बाप शाळेत आला. फेटा काढून हातात धरला आणि दारातच उभा राहिला. आत या म्हटलं तर येईना.

"बाई, ह्ये पुन्याचे लोक पोरीला ठिवून घेतेत म्हनं? खायाप्यायाचं त्येंचंच?"

"हो. पण निवड झाली तर."

"मंग बगा तुमी. तिला लई नाद हाय शिकायचा. पर बीडाचा कलास न् खोली माज्याच्यानं व्हनार न्हाई. न्हाई झालं तर मार्चापासून ती आमच्यासंगं येईल. दुसरं काय?"

एवढं बोलून तो गेला. त्याच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, सरळ हिशोब होता. इकडं पुणं, तिकडं मेंढरं. मधे तिसरी वाट नव्हती.

पण मी पुढं गेले. उद्घाटनाचं राहिलंच.

सूक्ष्मदर्शक आला तो पावसाळ्यात. मांडव घातला, बॅनर लावलं. बॅनरवर लिहिलं होतं, 'अंधश्रद्धा सोडा, विज्ञानाची कास धरा.' त्याच्याच खाली टेबल, टेबलावर पांढरा कपडा, त्यावर ते यंत्र, यंत्राला झेंडूचा हार, आणि शेजारी नारळ. मी म्हटलं, अरे वा, कास नीट धरलीय. आता नवीन वस्तू आली की पूजा करायची ही आपल्याकडची रीतच आहे, मी काही तिच्या आड येत नाही. आप्पासुद्धा दसऱ्याला तराजूला गंध लावायचे. पण लावायचे ते दांडीला. पारड्यात कधी टाकलं नाही, वजन चुकेल म्हणून.

इथं पूजेचा मान फाउंडेशनच्या विश्वस्तांना. पुण्याचे, केस पिकलेले, अंगात खादीचं जाकीट, बोलताना प्रत्येक वाक्याला डोळे मिटायची सवय. त्यांच्या माणसानं, म्हणजे गाडीबरोबर फिरणाऱ्या समन्वयकानं, फोटोत सगळं दिसावं म्हणून यंत्रात काचपट्टी पण बसवून ठेवली होती. कांद्याच्या सालीची, कंपनीनं तयार करून दिलेली. ताट धरायला आमची ही 'कावून'वाली पोरगी, कारण दहावीत तीच उंच. मला मागं शाली आणि नारळ धरून उभं केलेलं. विज्ञान शिक्षिका ना मी, मग मागंच.

मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, "साहेब, यंत्राला गंध लावा."

साहेबांनी करंगळीशेजारचं बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि थांबले. माणसाला कपाळ असतं. नव्या गाडीला बॉनेट असतं. या यंत्राचं कपाळ कुठलं? बोट हवेत, साहेब यंत्राच्या भोवती वाकून वाकून बघतायत, फोटोवाला म्हणतोय, "सर, इकडं बघा, सर." शेवटी कुठंतरी टेकवलं एकदाचं. कुठं ते मला शालींच्या ढिगाऱ्याआडून दिसलं नाही. मग नारळ, मग पावसाची टाळी, मग भाषण. 'मुलांनो, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कुणी सांगतं म्हणून विश्वास ठेवू नका.' डोळे मिटून बोलले ते.

पाहुणे गेले आणि यंत्र कपाटात गेलं. हार काढला तेवढाच. मोठ्या सरांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिचडीच्या तांदळाच्या कोठीच्या किल्लीबरोबर आपल्या जुडग्यात अडकवली.

मी दर आठवड्याला मागायची. "सर, पेशी शिकवायचीय, किल्ली द्या."

"बाई, काच हाय. पोरांच्या हातून फुटली म्हंजे? मी रिटायर होताना चार्ज कसा देऊ?"

"अहो, वापरायला दिलंय ना ते?"

"दिलंय. पर आपलं न्हाई. पाहनीला उघडू."

त्या माणसाला मी फार दोष देत नाही. वस्तू हरवली की साहेब लोक कुणाच्या मानगुटीवर बसतात ते त्याला माहीत होतं. मी फाउंडेशनच्या समन्वयकाला फोन केला. म्हटलं, तुम्ही एक शब्द सांगा, कपाट उघडेल. तो म्हणाला, "मॅडम, साधनं सुरक्षित आहेत ना? मग छान. काही शाळांत तर तुटलीत." म्हणजे यांचं विज्ञान न तुटण्यात. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांना हात लावू द्यायचा नव्हता तर बॅनरवर तरी खरं लिहायचं होतं, 'लांबून नमस्कार करा.'

तेव्हा आम्ही पेशी काढली ती पुस्तकातूनच. ही पोरगी कागदावर भिंती अशा आखायची की गवंड्यानं विटा रचाव्यात. एकदा चित्र काढता काढता म्हणाली, "बाई, तुमी बघितली का हो पेशी?"

"बघितली. कॉलेजात. लाईन होती मागं, लगेच बाजूला व्हावं लागलं."

"मंग खरंच असती का भिंत?"

"असते."

"मला बघायचीय," ती म्हणाली. ते ती पुण्याबद्दल जेवढ्या वेळा बोलली असेल त्यापेक्षा जास्त वेळा बोलली.

पाहणीचं पत्र आलं आणि मागोमाग समन्वयकाचा आवाजी निरोप मोबाईलवर. निवडीला बसणाऱ्या मुलानं काय म्हणायचं ते त्यात होतं. 'मला कांद्याच्या पेशी दिसल्या. मला खूप आनंद झाला. मला शास्त्रज्ञ व्हायचं आहे.' मोठे सर पोरीला ऑफिसात बोलावून पाठ म्हणून घेऊ लागले. ती माझ्याकडं आली.

"बाई, बघायच्या आदी कसं सांगायचं काय दिसलं त्ये?"

"अगं, काचपट्टी कांद्याचीच आहे. पेशीच दिसणार. तू बघ आणि मग म्हण."

"बघून म्हनू ना?"

"बघूनच म्हण."

याच्यापुढं मी काय सांगणार होते? आप्पांनी मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

पाहणीच्या दिवशी पुन्हा तीच पांढरी गाडी. विश्वस्त आले, समन्वयक आला, आणि या वेळी एक वैज्ञानिक सल्लागारही आणले होते. कुठल्याशा मोठ्या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, सोनेरी काडीचा चष्मा. कपाट उघडलं. यंत्र खिडकीजवळ मांडलं, खालचा आरसा उन्हाकडं फिरवला. काचपट्टी उद्घाटनाला बसवली होती तिथंच होती, कुणी काढलीच नव्हती.

आधी मान पाहुण्यांचा. विश्वस्त वाकले, भिंगाला डोळा लावला, म्हणाले, "अप्रतिम!" मागं सल्लागार. चष्मा काढला, डोळा लावला, मान डोलावली आणि म्हणाले, "केंद्रक अगदी स्पष्ट आहे." समन्वयक म्हणाला, "सुंदर." मोठे सर वाकले ते मी जवळून बघत होते. त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते. "वा!" म्हणाले.

मग पोरीला पुढं केलं. ती वाकली. बाकीचे 'एक नजर' टाकून झाले होते, ही हलेचना. हातानं चाचपून बाजूची चकती सापडवली, थोडी इकडं फिरवली, थोडी तिकडं. पुस्तकातलं चित्र बघून कुठं काय असतं ते तिला पाठ होतं. समन्वयकानं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. "हं, बाळा, काय दिसलं?"

ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "कुंकू."

समन्वयक हसला. "बाळा, नीट बघ. त्या पेशी आहेत."

"न्हाई. पेशीला भिंत असती. ह्येला भिंत न्हाई, केंद्रक न्हाई. नुसते दाने हायेत, मीठ सांडल्यावानी. कुंकू हाय ह्ये."

"कांद्याला लाल रंग देतात, बाळा. त्याला रंजक म्हणतात."

"रंग दिला तर भिंत जाती का?"

समन्वयकानं सल्लागारांकडं बघितलं. सल्लागारांनी खिडकीबाहेर बघितलं. तेव्हा पोरीनं विश्वस्तांकडं बोट केलं, सरळ, भीडभाड न ठेवता. "ह्या सायबांनी नारळाच्या आदी हितंच बोट टेकवलं व्हतं. काचंवरच. ताट माज्या हातात व्हतं."

मला हसू फुटलं. म्हटलं, आता हे लोक कळतील कसे आहेत ते. आता जर त्यातला एकजण म्हणाला असता, 'अरेच्चा, बघू बरं,' आणि पुन्हा वाकला असता, तर मी आयुष्यभर त्यांच्या गाडीला हार घातला असता. एवढंच करायचं होतं. पुन्हा वाकायचं होतं.

विश्वस्तांनी डोळे मिटले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "बघा. मुलीचा दोष नाही. वातावरणच असं आहे की यांना सूक्ष्मदर्शकातसुद्धा कुंकूच दिसतं. म्हणूनच इथं आपल्या कामाची किती गरज आहे!"

सल्लागार म्हणाले, "निरीक्षणशक्ती जरा कच्ची आहे."

माझा ताबा सुटला. "साहेब, काचपट्टी तिथंच आहे. काढा, हातात घ्या, नखानं खरवडून बघा! केंद्रक स्पष्ट दिसलं म्हणालात ना तुम्ही? कुठं दिसलं ते दाखवा मला!" मोठ्या सरांनी माझ्या पायावर पाय दिला. सल्लागारांनी घड्याळ बघितलं. अजून एक शाळा राहिलीय, उशीर होतोय, चहा नको, आत्ताच झाला. निघाले. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण हे पाणीसुद्धा नव्हतं, नुसता खळखळाट होता. मोठे सर त्यांना पोचवायला सडकेपर्यंत पळत गेले आणि या घाईत जुडगा कपाटालाच लटकत राहिला.

पोरगी तिथंच उभी होती. "बाई, माझं काय चुकलं का?"

"काही चुकलं नाही. ये इकडं."

मी काचपट्टी काढली. मधोमध तिच्यावर वाळलेल्या गंधाचा टिळा, अगदी बोटाच्या ठशासकट. कापूस ओला करून हळूहळू पुसली. कापूस लाल झाला. वरची पातळ काच शाबूत होती आणि तिच्याखाली सालीचा तुकडा तसाच होता, गुलाबी, हात न लागलेला. पट्टी परत बसवली, आरसा उन्हाकडं केला आणि तिला म्हटलं, बघ.

ती वाकली. शाळा सुटून गेली, बाहेर पोरांचा कालवा कमी होत गेला, ही काही उठेना.

"हाय," ती म्हणाली.

"काय?"

"भिंत. येकाला येक लागून. आन आत ठिपका. माझ्या चित्रापरीस लई भारी हाय बाई." मग एकदम मान वर केली. चेहऱ्यावर पुण्याचं काही नव्हतं, काळजी होती, आणि ती स्वतःची नव्हती. "बाई, त्येंनी ह्ये बघितलंच न्हाई की! एवढ्या लांबून आलते. फोन करा ना त्येंला. बोलवा माघारी."

त्यांना ती बिचारे समजत होती. मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. समन्वयकानं उचलला, मागं पावसाच्या टाळीचा आवाज येत होता.

"काचपट्टी पुसलीय," मी म्हणाले. "पेशी दिसतायत. मुलीचं बरोबर होतं. परत या, दहा मिनिटांचं काम आहे."

"मॅडम, निवड झाली. आत्ता आम्ही आलोय त्या शाळेतली मुलगी फारच छान बोलली. तिला पेशी लगेच दिसल्या."

"त्यांच्याकडं सूक्ष्मदर्शक कसा आहे?"

"तो अजून खोक्यातच आहे. वेळ नव्हता ना, मग मोबाईलवर फोटो दाखवला."

मी फोन ठेवला. आत आले. ती यंत्राजवळच होती, एक डोळा भिंगाला लावून लावून अजून मिचमिचा.

"येतेत का?"

"नाही."

"कावून?"

वर्षभर तिच्या प्रत्येक कावूनला मी काही ना काही उत्तर दिलं होतं, नाही आलं तर उद्या बघून सांगते म्हणाले होते. या वेळी मी आरसा उतरत्या उन्हाकडं फिरवला आणि म्हटलं, उजेड आहे तोवर अजून बघून घे. परीक्षा झाली तशी ती बापाबरोबर मेंढरांमागं गेली.